कडक आवाज आला म्हणजे कंबर बरी झाली का?

पत्र: ताई, आम्ही निफाड तालुक्यातले. माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत, स्वतःचा टेम्पो चालवतात, द्राक्षं आणि कांदे वाशी मार्केटला नेतात. द्राक्षांचा हंगाम संपता संपता क्रेट उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. पाच आठवडे झाले, अजून सकाळी उठताना भिंत धरावी लागते. दुखणं कंबर आणि उजव्या कुल्ल्यापर्यंत आहे, पायात उतरत नाही. एक्स-रेत ‘मणक्यात गॅप’ निघाला. मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने झटका देऊन मणके हलवणाऱ्यांचे, व्हिडिओ बघून ते नाशिकला एका ठिकाणी गेले. पहिल्याच दिवशी कडकड आवाज झाले आणि दोन दिवस खरंच बरं वाटलं. आता तिथले लोक चोवीस सिटिंगचं बावीस हजारांचं पॅकेज घ्या म्हणतात. घरातल्यांनाही आणा म्हणाले. सासरे, म्हणजे आमचे आबा, ७३ वर्षांचे आहेत, अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांची मान दुखते आणि कूस बदलली की घर फिरतं. लेक नऊ वर्षांची, तिला दमा आहे. मणका सरळ झाला की नसा मोकळ्या होतात आणि दम्याचा पंपसुद्धा सुटतो, असं सांगितलं. बहिणीकडून पैसे उसने घ्यावेत का? खरं काय ते सांगा.

प्रिय ताई,

पैसे उसने घेऊ नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तिकडून ‘सूट याच महिन्यापुरती’ असे फोन येत असतील. मुलीचा पंप एक दिवसही बंद करू नका. आणि आबांच्या मानेला कुणालाही झटका देऊ देऊ नका. एवढं आज लक्षात ठेवा, बाकीचं निवांत वाचा.

तुमच्या मिस्टरांच्या कमरेची गोष्ट निराळी आहे. त्यांना दोन दिवस बरं वाटलं ते खरंच वाटलं, त्यात भ्रम काही नव्हता. मी सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. मणके हाताने हलवण्याचं, सैल करण्याचं काम आम्हीही करतो, त्यामुळे त्या हातांत काय असतं ते मला ठाऊक आहे. कायरोप्रॅक्टिक म्हणजे निव्वळ फसवणूक असं मी म्हणणार नाही. पण ते हात कुठवर पोचतात आणि कुठे पोचत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि त्याचाच मला त्रास होतो.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात शेजारच्या काकू पायाळू होत्या. वडिलांना उसण भरली की आई मला त्यांच्याकडे पिटाळायची. वडील भिंतीवर दोन्ही हात टेकून पाठमोरे उभे राहायचे. काकू पदर खोचून यायच्या, उजवा पाय धुवायच्या आणि कमरेला तीन वेळा हलकेच लावायच्या. मग लगेच वाकून वडिलांना नमस्कार करायच्या, कारण आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला पाय लावला याचा त्यांना फार संकोच वाटे. वडील दुसऱ्या दिवशी खरंच पुष्कळ सरळ चालायचे. निफाडकडेही हे होत असेलच. त्या पाय लावण्याची मी कधी चेष्टा केली नाही. पण शिकल्यावर एक गोष्ट कळली. जिच्यामागे गंभीर आजार नाही अशी साधी कंबरदुखी बहुतेक माणसांत थोड्या आठवड्यांत आपसूक उतरत जाते. त्या दिवसांत आपण जे काही केलेलं असतं, श्रेय त्याला जातं. ते काकूंच्या पायाला जातं, लेपाला जातं, माझ्या मशीनला जातं, आणि कडक आवाजालाही जातं.

आता त्या आवाजाचं. व्हिडिओ बघणाऱ्याला वाटतं की हाड सरकलं होतं ते जागेवर बसलं. तसं काही होत नाही. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून ओढले की त्या द्रवातला दाब एकदम उतरतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. आवाज तिचा. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट मोडताना एमआरआयचं चलचित्र काढलं गेलं. त्यात पापणी लवते तेवढ्या वेळात सांध्यात काळी पोकळी उमटलेली दिसते. तुम्ही स्वतःचं बोट मोडून बघा, तेच बोट लगेच दुसऱ्यांदा वाजणार नाही. साधारण वीस मिनिटं जावी लागतात. मिस्टरांच्या कमरेत वाजलं ते हेच, आणि मणका झटक्याआधी जिथे होता तिथेच झटक्यानंतरही होता.

मग बरं का वाटलं? सांध्याला असा अचानक ताण बसला की भोवतीचे आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात आणि दुखण्याची जाणीव बोथट होते. शिवाय पाच आठवडे ज्या कमरेला हात लावायची भीती वाटत होती, तिला कुणीतरी विश्वासाने हाताळलं. हे सगळं खरं आहे. फक्त ते टिकत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा भिंत धरावी लागली.

याचं माप घेतलं गेलेलं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली २६ चाचण्या एकत्र पाहून एक आढावा आला. ताज्या कंबरदुखीत अशा हस्तोपचाराने दुखणं शंभराच्या मापावर सरासरी दहाने कमी झालं, आणि ते सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात. म्हणजे मिस्टर आज ‘साठ’ दुखतंय म्हणत असतील, तर ते ‘पन्नास’ म्हणतील. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला दहाही मोठे असतात, मी ते हलकं लेखत नाही. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४७ चाचण्यांचा, नऊ हजारांवर रुग्णांचा आढावा आला. त्यात हस्तोपचार हा व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांच्या तोडीचा ठरला. त्यांच्याहून सरस मात्र ठरला नाही. ब्रिटनची नाइस ही मार्गदर्शक संस्था २०१६ पासून सांगते की हातांचे उपचार घ्यायचेच तर व्यायामाच्या जोडीने घ्या, नुसते नको. तुमच्या पॅकेजमध्ये व्यायाम शिकवण्याचं कुठे आहे का, ते बघा. पत्रात तरी तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

आणखी एक कबुली द्यायला हवी. आमच्या फिजिओथेरपीतही कंबरेला वजन लावण्याचं ट्रॅक्शन वर्षानुवर्षं चाललं. मीही शेकडो जणांना लावलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा हे दोन्ही नित्याचे उपाय म्हणून वापरू नयेत असं म्हटलं. हस्तोपचार मात्र त्यांनी, पुरावा तुटपुंजा असल्याचं सांगून का होईना, यादीत ठेवला. तेव्हा कायरोप्रॅक्टरचं सगळं चूक आणि आमचं सगळं बरोबर, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

‘मणक्यात गॅप’ हा शब्द मी दिवसातून चार वेळा ऐकते आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर पाणी गमावते, चपटी होते, मग एक्स-रेत तिथली जागा बदललेली दिसते. कुणी म्हणतं गॅप पडला, कुणी म्हणतं गॅप कमी झाला, ऐकणाऱ्याला वाटतं पाठीत भगदाड आहे. कंबर मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या शंभर जणांमागे ६८ जणांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ५० जणांच्या फुगलेल्या. या लोकांना काहीही होत नव्हतं. म्हणजे मिस्टरांच्या एक्स-रेत दिसतं ते त्यांच्या वयाच्या पुष्कळांच्या एक्स-रेत दिसेल, चाळिशीत केस पिकलेले दिसावेत तसं. चोवीस काय, चाळीस सिटिंग केली तरी तो गॅप भरणार नाही, आणि तो भरल्याशिवाय कंबर बरी होणार नाही असंही नाही.

आता मिस्टरांना आज संध्याकाळी घरातच थोडं तपासा. आधी टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर दहा. एखादं पाऊल खाली पडतं का, एका बाजूला जोर कमी वाटतो का, ते बघा. मग विचारा, लघवीला त्रास होतो का, अडकते का, नकळत होते का? सायकलच्या सीटवर आपण जेवढ्या भागावर बसतो तिथे बधिर वाटतं का? यांतलं एक जरी ‘हो’ आलं तर रात्र काढू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे तासांचा हिशेब असतो. पुढे हेही विचारा: संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, रात्री दुखण्याने जाग येते का, पूर्वी कधी कॅन्सर किंवा टीबी झालाय का, खूप दिवस स्टेरॉइड घेतलीत का? यांतलं काही ‘हो’ असेल तर कमरेला कुणाचाही हात लागण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

हे प्रश्न मी पाठांतर म्हणून विचारत नाही. काही वर्षांपूर्वी कॉलेजात जाणारी एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. पाठ दुखते म्हणून तिने आधी दोन ठिकाणी मणके वाजवून घेतले होते. मी तिच्या पाठीवरून बोट हळूहळू खाली आणत होते, एका मणक्यापाशी बोट अडलं. बारीकसा उंचवटा होता, शेंगदाण्याएवढा. त्यावर बोटाने हलकेच ठोकलं तर ती श्वास रोखून कळवळली. मी विचारलं, संध्याकाळी अंग तापतं का? मुलगी गप्प राहिली, आई म्हणाली, दोन महिने होतंय, अभ्यासाचा ताण असेल असं वाटलं. ड्रेसही सगळे सैल झालेत. मी तिला हात लावायचा थांबवला आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. औषधांचा पूर्ण कोर्स करून ती बरी झाली, आज नोकरी करते. पण आतून पोखरलेल्या त्या मणक्यावर आणखी एक झटका बसला असता तर तिचे पाय गेले असते, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि हाडांचा टीबी सगळ्यात जास्त मणक्यातच होतो. मणक्याला हात घालणाऱ्याने आपल्याकडे तापाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. दोन्ही ठिकाणी तिला तो कुणी विचारला नव्हता.

मिस्टरांच्या बाबतीत सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर त्यांची कंबर साधी आहे असं धरून चाला. अंथरुणात पडून राहू नये, याने कंबर आणखी आखडते. सकाळी उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावं, पाय खाटेखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत उठावं. भिंत धरायची वेळ पुष्कळदा याने टळते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटं. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, आणि पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी आणायचा. हे दोन्ही करून बघायचे, ज्याने दुखणं कमी होईल तो व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करायचा, ज्याने कुल्ल्याकडे किंवा पायाकडे कळ उतरेल तो सोडायचा. रोज चालायचं, आधी दहा मिनिटं, मग वाढवत.

आणि टेम्पो. माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे. मागच्या खिशातलं पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवायला सांगा, एका कुल्ल्यावर तिरकं बसून दोनशे किलोमीटर जाणं त्या उजव्या बाजूला सोसत नसणार. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवावी. इगतपुरीला एकदा आणि घाट उतरल्यावर शहापूरच्या आसपास एकदा, गाडीतून उतरून पाच मिनिटं चालावं, चहा उभ्यानेच घ्यावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाशीला पोचल्या पोचल्या क्रेटला हात घालू नये. चार-पाच तास बसून, धक्के खाऊन पाठ आखडलेली असते, त्याच क्षणी वाकून वजन उचललं की उसण भरते. दहा मिनिटं फिरून मग सुरुवात करावी, एका वेळी एकच क्रेट, अंगाजवळ धरून. हमालाचे पैसे वाचवायला ते स्वतः उतरवतात का? तसं असेल तर एवढा महिना ते पैसे खर्च करा. बावीस हजारांत पुष्कळ हमाली होते.

एवढं करूनही त्यांना हाताच्या उपचाराची ओढ असेल तर घेऊ द्या, फक्त कमरेपुरता, मानेला नाही. पॅकेज नको, प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी द्या. पाच-सहा वेळांत उठणं-बसणं सोपं झालं नाही तर थांबा. उपचारानंतर एक-दोन दिवस ठणका वाढला तर घाबरू नका, निम्म्याहून अधिक लोकांना तो होतो आणि जातो. आणि उपचार करणाऱ्याला सरळ विचारा, शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं? अमेरिकेत कायरोप्रॅक्टरचं शिक्षण कॉलेजनंतर साधारण चार वर्षांचं असतं आणि प्रत्येक राज्यात परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४चा कायदा आहे, नोंदणीशिवाय ती पाटी लावता येत नाही. डेन्मार्कमध्ये ते विद्यापीठात डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकतात. आपल्याकडे त्यांच्यासाठी असा कायदा नाही, नोंदणी ठेवणारी परिषद नाही. म्हणून परदेशात नीट शिकून आलेला माणूस आणि आठवड्याच्या शिबिरात मणके वाजवायला शिकलेला माणूस, दोघांची पाटी सारखीच दिसते. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात राज्याच्या परिषदेकडे असते, तिचा क्रमांक मागता येतो. माझ्याकडे येणाऱ्यांनीही तो मागावा, मला राग येत नाही.

आता लेकीचं. इथे मला ठामपणे बोलायचं आहे.

मणक्याने दमा बरा होतो ही कल्पना कुठून आली, तेही सांगते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. सप्टेंबर १८९५मध्ये त्यांनी इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीचा एक मणका दाबला आणि सतरा वर्षं बहिऱ्या असलेल्या लिलार्डना ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. त्यावरून त्यांनी शंभरातले पंच्याण्णव आजार मणका जागचा हलल्याने होतात असा सिद्धान्तच मांडला. पण ऐकण्याची नस कवटीच्या आतल्या आत मेंदूपासून कानापर्यंत जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंधच येत नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलनेच २०१० साली लेखी सांगितलं की मणका सरकल्याने आजार होतात असा दावा करण्याजोगा कोणताही पुरावा नाही. त्याआधी २००८ साली तिथले विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी तान्ह्या बाळांची पोटदुखी, दमा यांवरच्या अशा दाव्यांना पुरावा नाही असं वर्तमानपत्रात लिहिलं, तेव्हा कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. दोन वर्षांनी तो मागे घ्यावा लागला. नाशिकला तुम्हाला सांगितलं गेलं ते हे इतकं जुनं आहे आणि ब्रिटनमध्ये त्यांच्याच कौन्सिलपुढेही ते टिकलेलं नाही.

दम्यासाठी तर नेमकी चाचणी झालेली आहे, तीही मुलांवर. १९९८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती छापून आली. कॅनडातली ९१ दमेकरी मुलं घेतली, काहींवर चार महिने खरा कायरोप्रॅक्टिक उपचार केला, काहींवर हुबेहूब तसा दिसणारा पण पोकळ. औषधं सगळ्यांची चालूच होती. दोन्ही गटांतल्या मुलांना थोडं बरं वाटलं, प्रेमाने कुणी हाताळलं की मुलांना वाटतंच. पण फुंकर किती जोरात मारता येते हे मोजलं, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. दमा म्हणजे श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज आहे. पाठीवरून कितीही दाबलं तरी ती सूज उतरत नाही. पंपातलं औषध थेट त्या सुजेवर पडतं, म्हणून ते इतक्या कमी मात्रेत पुरतं. पंपाची सवय लागते हे खरं नाही. रोजचा पंप बंद केला तर पहिले काही दिवस काहीच होत नाही, घरच्यांना वाटतं बघा सुटला, आणि मग एखाद्या रात्री मुलीला बोलताना वाक्य पुरं करता येत नाही. अशा मुलांना घेऊन धावणारे आई-बाप मी पाहिलेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. रोजचा पंप कोणता आणि धाप लागल्यावरचा कोणता, हे डॉक्टरांकडून पुन्हा एकदा समजून घ्या, आणि पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्या. नऊ वर्षांच्या मुलीला स्पेसरशिवाय नीट जमत नाही, औषध घशातच राहतं. उन्हाळ्यात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तुमच्या आसपास ते शेड असेल तर त्या दिवसांत तिला तिकडे फिरकू देऊ नका.

राहिले आबा. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रं असतात, त्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात पिळली तर त्या वळणावर वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, गुठळी होते, अर्धांगवायूचा झटका येतो. हे क्वचित घडतं. कधी उलटंही असतं, वाहिनी आधीच फाटू लागलेली असते, त्यामुळेच मान दुखत असते, आणि त्या दुखण्यासाठी माणूस मान मोडून घ्यायला जातो. कुठल्याही वाटेने गेलं तरी गमवायचं खूप आणि मिळवायचं थोडं, अशी ती गोष्ट आहे. त्यात आबा ७३ वर्षांचे, हाडं ठिसूळ झालेली असणार, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असणार. कटिंगला गेल्यावर न्हावी मान मोडून देतो, तेही बंद करा. मानेला शेक, हलकं हलवणं, एकच पातळ उशी, एवढं पुरे.

त्यांच्या चक्करेचं मूळ मानेत नसावं असा मला दाट संशय आहे. कूस बदलली की घर फिरतं, असं तुम्ही लिहिलंत. हे वर्णन मला ओळखीचं आहे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक खडे असतात. वयाने ते जागचे सुटून कानाच्या नळीत शिरतात, मग डोकं एका ठरावीक बाजूला वळलं की अर्धा-एक मिनिट भोवंडतं आणि थांबतं. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी यावर एक सोपी युक्ती शोधून काढली. माणसाला आडवं करून डोकं ठरावीक क्रमाने, सावकाश वळवायचं, म्हणजे खडे नळीतून परत बाहेर पडतात. झटका नाही, आवाज नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. पण आबांना हृदयाचा त्रास असल्यामुळे आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघायला हवं, आणि झोपून व उभं राहून अशी दोन्ही वेळा बीपी मोजायला हवी, गोळ्यांमुळे उठताना बीपी उतरूनही चक्कर येते. बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, एकाचे दोन दिसू लागले किंवा पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी अचानक उठली, तर मात्र कानाचा विचार न करता लगेच हॉस्पिटल.

तोवर एक करा. उजव्या कुशीला वळल्यावर फिरतं की डाव्या, आणि किती वेळ फिरतं, हे दोन-तीन दिवस वहीत लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.